दाखल्यांच्या फाईलमध्ये राहून गेलेले पान

बारावीचा निकाल लागला, की आमच्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारच्या रुग्णांची गर्दी सुरू होते. हे रुग्ण अगदी ठणठणीत असतात. त्यांना औषध नको असते, फक्त प्रवेशासाठी शारीरिक सुदृढतेचा दाखला हवा असतो. वजन, उंची, नजर, रक्तदाब तपासायचा, छातीला नळी लावायची आणि सही-शिक्का द्यायचा. पाच-दहा मिनिटांचे काम.

परवा अशाच एक मावशी मुलाला घेऊन आल्या. गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. मुलाला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला. मावशींच्या काखेत प्लॅस्टिकची फाईल होती आणि ती त्यांनी मोठ्या अभिमानाने उघडून दाखवली. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, बँकेचे पासबुक. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. घोडेगावला किती हेलपाटे घातले तेही सांगून झाले.

दाखल्यावर एक रकाना असतो, ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ मी मुलाला विचारले. त्याने आईकडे पाहिले. मावशी म्हणाल्या, “आहे की डॉक्टर! चौथीत होता तेव्हा ताप आला म्हणून इंजेक्शन दिलं, तर सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला. लई घाबरलो होतो. हे इंजेक्शन पुन्हा कधी देऊ नका म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती.”

“कोणतं इंजेक्शन?”

“ते काय मला वाचता येतं? चिठ्ठी असंल घरी, पत्र्याच्या पेटीत.”

मुलगा म्हणाला, “मला तर हे माहीतच नव्हतं.”

त्याला मागच्याच महिन्यात अठरा वर्षे पूर्ण झाली होती. आठवड्याभराने तो पुण्यात खोली घेऊन राहणार होता. त्याच्या जिवाशी संबंधित सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्याच्या फाईलमध्ये नव्हती. ती आईच्या डोक्यात आणि गावाकडच्या पेटीत होती.

वाचकहो, हे एका घरापुरते नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून दरवर्षी अनेक मुले-मुली पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, संगमनेरकडे शिकायला जातात. त्यांच्यासोबत गादी जाते, डबे जातात, दाखले जातात. आजारपणाची माहिती मात्र घरीच राहते. आजचा लेख त्या राहून गेलेल्या पानाविषयी.

अठरा पूर्ण झाली, की सही मुलाची

१८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे आपल्या देशात अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान होते. मतदानापुरता हा नियम सर्वांना माहीत असतो. पण दवाखान्यातही तोच लागू आहे, हे फार थोड्या आईवडिलांना ठाऊक असते. मूल अज्ञान असेपर्यंत त्याच्या शस्त्रक्रियेला आईवडील संमती देतात. ते सज्ञान झाले आणि शुद्धीवर असले, तर संमती त्याची स्वतःचीच लागते.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली खटल्यातील निकाल प्रसिद्ध आहे. ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाल्या होत्या. त्या भुलीखाली असतानाच बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले, की रुग्ण सज्ञान होती, तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. अशा वेळी आईची संमती चालत नाही.

माहितीचेही तसेच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. उपचारांची कागदपत्रे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितली, तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. इथे ‘त्याने अधिकार दिलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडचे डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फोनवर कोणीही ‘मी वडील बोलतोय’ म्हणू शकतो. रुग्णालयाने खात्री मागितली तर त्यात राग मानण्यासारखे काही नाही.

मग रात्री-अपरात्री काही झाले तर?

हे वाचून पालकांच्या मनात पहिली भीती येते ती अशी, की मुलगा बेशुद्ध पडला, आम्ही शंभर किलोमीटरवर, सहीला कोणी नाही म्हणून उपचार अडतील का?

कायद्याने तसे अडता कामा नये. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतर. संमती मिळवणे शक्य नसताना रुग्णाच्या भल्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या उपचाराला कायद्याचे संरक्षणही आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. अपघातातल्या जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या मित्राला किंवा वाटसरूलाही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. तेव्हा खोलीतल्या मित्रांनी घाबरून वेळ घालवू नये, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

खरी अडचण सहीपेक्षा माहितीची असते. बेशुद्ध रुग्णाला आणणारे मित्र त्याला दोन महिन्यांपासून ओळखत असतात. त्याला लहानपणी फिट्स येत होत्या का, कोणती गोळी चालू आहे, कोणते इंजेक्शन सोसत नाही, यांपैकी एकाचेही उत्तर त्यांच्यापाशी नसते. घरी फोन करावा, तर मोबाईलला कुलूप. कुलूप उघडले, तरी आहुपे, आंबे-हातवीज किंवा घाटघरकडच्या गावात त्या वेळी रेंज असेलच असे नाही. सही नसली तरी डॉक्टर पुढे जाऊ शकतात. माहिती नसली, तर ते अंधारात चाचपडत पुढे जातात.

एक पान आरोग्याचे

यावर उपाय अगदी साधा आहे. वहीचा एक कागद घ्या आणि मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या. आईने सांगावे, मुलाने लिहावे. म्हणजे कागदही होतो आणि मुलाला स्वतःच्या शरीराचा इतिहासही कळतो. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

१) पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन आणि रक्तगट. रक्तगटाविषयी एक खुलासा करतो. पुष्कळांना वाटते, की रक्तगट माहीत असला म्हणजे झाले. पण रक्त देण्यापूर्वी रक्तगट नव्याने तपासून जुळवणी केली जाते. म्हणून रक्तगट लिहावाच, पण त्याच्यावरच थांबू नये. पुढच्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत.

२) न सोसणारी औषधे. पेनिसिलिन, सल्फा, वेदनाशामक गोळ्या, जे काही असेल ते लाल शाईने, सर्वांत वर. त्या वेळी नेमके काय झाले होते (गांधी, सूज, दम, चक्कर) तेही लिहावे. आपल्या भागात शेतात सर्पदंश नवीन नाही. सर्पविषावरची लस घेताना पूर्वी त्रास झाला असेल, तर तेही इथेच येते.

३) चालू औषधे. दुकानी नावाबरोबर औषधाचे मूळ नाव, ताकद आणि वेळ लिहावी. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. गावाकडे मिळणारे नाव पुण्यातल्या दुकानात मिळेलच असे नाही. फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या मुलांनी तर हे तोंडपाठ करावे. गोळी अचानक बंद झाली किंवा परीक्षेच्या जागरणात चुकली, तर थांबलेल्या फिट्स पुन्हा येतात. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. गावी आई आठवण करून देते. पुण्यात तारीख निघून जाते. पुढच्या इंजेक्शनची तारीख पानावर हवी.

४) जुने आजार आणि शस्त्रक्रिया. दमा, मधुमेह, कावीळ, क्षयाचे उपचार कधी व किती महिने घेतले, हाड मोडून सळई बसवली आहे का. सिकलसेलची तपासणी झाली असेल, तर त्याचे कार्ड सोबत द्यावे.

५) लसी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस झाली का ते पाहावे. कुत्रा चावून रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल, तर ते कार्ड फेकू नये. पुन्हा कुत्रा चावला आणि पहिल्या पूर्ण कोर्सचा पुरावा असला, तर सहसा दोनच डोस पुरतात आणि जखमेत द्यायची महागडी प्रतिद्रव्याची लसही टळते.

६) तीन फोन नंबर. एक घरचा, एक नेहमीच्या डॉक्टरांचा आणि एक त्याच शहरातल्या माणसाचा.

या पानाच्या तीन प्रती काढा. एक मुलाच्या पाकिटात, एक वसतिगृहाच्या रेक्टरकडे किंवा खोलीतल्या विश्वासू मित्राकडे, एक घरी. फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा. बहुतेक स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडताही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते, ती वापरा. पण फोन फुटतो, बॅटरी संपते. कागदाला चार्जिंग लागत नाही.

एक पत्र अधिकाराचे

दुसरा कागद म्हणजे अधिकारपत्र. मुलाला अठरा पूर्ण झाली असतील, तर त्याने साध्या कागदावर असे लिहावे :

‘मी, (पूर्ण नाव), वय (…) वर्षे, राहणार (…), असे लिहून देतो/देते की, मी आजारी पडल्यास किंवा मला अपघात झाल्यास माझ्या प्रकृतीची व उपचारांची माहिती आणि कागदपत्रे माझे (नाते व नाव) यांना द्यावीत. मला बोलता येत नसेल, तर माझ्या उपचारांविषयी डॉक्टरांनी त्यांच्याशी विचारविनिमय करावा. हे पत्र मी केव्हाही रद्द करू शकतो/शकते.’

खाली तारीख, सही आणि दोन साक्षीदार. हे पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पण माहिती कोणाला द्यायची हा डॉक्टरांपुढचा प्रश्न ते सोडवते.

मुलगा सतरा वर्षांचा असेल, तर पत्राची दिशा उलटी. तेव्हा आईवडिलांनी रेक्टरला किंवा त्या शहरातल्या नातेवाइकाला लिहून द्यावे, की आमच्याशी संपर्क होईपर्यंत मुलाला रुग्णालयात दाखल करून तातडीचे उपचार करून घ्यावेत.

काही जण विचारतात, मुखत्यारपत्र केले तर? पैशाच्या व जमिनीच्या कामाला ते ठीक आहे. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, तर साधे मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी ते हाताशी राहत नाही. म्हणून आजारपणासाठी त्यावर विसंबू नये. आणि काहीही झाले तरी कोऱ्या कागदावर मुलाची सही घेऊन ठेवू नये.

मनाच्या आजाराचीही सोय

घर सुटल्यावर अंगाच्या तापापेक्षा मनाचा ताप पुष्कळदा आधी येतो. इंग्रजीतून शिकवणे, मेसचे जेवण, पैशाची ओढाताण, कुणी चिडवणे. मुलगा फोनवर ‘बरं आहे’ एवढेच म्हणतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) या बाबतीत उपयोगी आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. हा प्रतिनिधी आई असू शकते, भाऊ असू शकतो, मित्रही असू शकतो, मात्र तो सज्ञान हवा आणि त्याची तयारी हवी. नेमणूक केव्हाही बदलता येते. याआधी मानसोपचार घेतलेल्या मुलांनी तरी हा कागद जरूर करावा.

मन बेचैन झाले तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मोफत बोलता येते. रॅगिंगचा त्रास असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. हे दोन्ही क्रमांक आरोग्याच्या पानावर तळाशी लिहावेत, कारण ते लागतील त्या वेळी शोधायचे त्राण नसते.

खर्चाचे कागद

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेली जन आरोग्य योजना आता आपल्या परिचयाची आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. पण लाभ मिळतो तो योजनेत अंगीकृत केलेल्या रुग्णालयांत आणि कागद पाहून. म्हणून मुलाचे नाव रेशनकार्डावर आहे का, ते नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच पाहून घ्यावे. रेशनकार्डाची एक प्रत मुलाजवळ असावी. खासगी विमा असेल, तर मुलगा त्यात कोणत्या वयापर्यंत धरला जातो ते एजंटला विचारावे. राहत्या खोलीजवळचे योजनेतील रुग्णालय कोणते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

परक्या गावी एक माणूस

वसतिगृहात रेक्टर तरी असतो. पण पुष्कळ मुले, विशेषतः स्वयम् योजनेतून पैसे घेऊन राहणारी आदिवासी मुले, भाड्याच्या खोलीत राहतात. तिथे विचारणारे कोणी नसते. अशांसाठी त्या शहरात एक जबाबदार माणूस ठरवून ठेवणे फार जरुरीचे आहे.

१८८३ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरा पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. तिकडे त्यांना रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंचा आधार मिळाला. रक्ताचे नाते नव्हते, पत्रांतून जुळलेली ओळख होती. त्या काळात ती मुलगी सातासमुद्रापलीकडे राहू शकली, त्यात या आधाराचा वाटा मोठा आहे. आपल्या मुलासाठी भोसरीतला गाववाला, मंचरकडचा एखादा शिक्षक, मावसबहीण, कोणीही चालेल. पण आधी त्यांना विचारा, आरोग्याचे पान त्यांना दाखवा आणि मगच नंबर लिहा.

आज अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर अधिकच जागरूक राहावे. तिकडेही अठरानंतर मुलाच्या परवानगीशिवाय रुग्णालय सहसा आईवडिलांना माहिती देत नाही. माहिती देण्याचे संमतिपत्र आणि आरोग्यविषयक निर्णयांचे अधिकारपत्र तिथल्या राज्याच्या नमुन्यात पोहोचताच करून घ्यावे. लसींचे दाखले येथूनच न्यावेत.

पालकांना दोन शब्द

हे कागद मुलांवर पहारा ठेवण्यासाठी नाहीत. सज्ञान मुलाला किंवा मुलीला काही गोष्टी डॉक्टरांपाशीच ठेवायच्या असतील, तर तो त्यांचा हक्क आहे. अधिकारपत्रात कोणाचे नाव घालायचे हेही त्यांनीच ठरवायचे. आपण एवढेच करावे, की काहीही झाले तरी आधी फोन घरी करावासा वाटेल असे बोलणे ठेवावे. ‘काय केलंस’ हे नंतर, ‘कसा आहेस’ हे आधी.

त्या मावशी आठवड्याने पुन्हा आल्या. एस.टी.ने खास तेवढ्यासाठी. पदराच्या गाठीत पिवळी पडलेली चिठ्ठी होती. अक्षर पुसट झाले होते, पण ‘पेनिसिलिन’ हा शब्द वाचता आला. मुलाने माझ्यासमोरच कागद घेतला आणि सर्वांत वर लाल शाईने तो शब्द लिहिला. मग आईकडे वळून म्हणाला, “अजून काय काय झालं होतं मला, सांग.” मावशी बाकावर बसल्या आणि अगदी बाळंतपणापासून सुरुवात केली. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण मी त्यांना थांबवले नाही.

आपल्याही घरी यंदा कोणाची ट्रंक भरली जात असेल, तर रविवारची अर्धी दुपार यासाठी काढा. दाखल्यांच्या फाईलमध्ये हे एक पान सर्वांत वर ठेवा.